न उतरलेले पाच

३ फेब्रुवारी, सोम.
परिषदेनं माझा संशोधनाचा पेपर स्वीकारला. मेल शनिवारचाच, पण आज इनामदार सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा खरं वाटलं. 'आमची वृषाली आता निम्म्या वेळात डाउनलोड होते!' सगळे हसले. अमोलनं पेढे वाटले. पेपरवर तीन नावं: मी, अमोल, सर. अंतिम प्रत १७ ला संध्या. ५ च्या आत पाठवायची.

वर्षापूर्वी कुणाला पटत नव्हतं. सगळ्यांनी लेक्चरचे व्हिडिओ कॉलेजच्या एकाच सर्व्हरवरून ओढायचे आणि त्यानं मान टाकायची, हे रोजचं. त्यापेक्षा मुलांच्या घरच्या कॉम्प्युटरांनीच एकमेकांना तुकडे द्यावेत. तसा एक जुना प्रोग्रॅम होताच, तो बदलून मी नवा केला. गेल्या सत्रात चौतीस घरी दोन्हींची चाचणी घेतली, या सत्रात सगळ्या वर्गाला प्रोग्रॅम दिला.

अमोलची मुलाखत २५ ला. चार वर्षं कंत्राटावर आहे. 'मॅडम, या वेळी कायम करतील.' पेपरची प्रिंट फाइलमध्ये सगळ्यात वर लावलीये.

दुपारी नणंदेचा, रेश्माचा मेसेज. एरवी वयनी म्हणते, विद्यार्थिनी म्हणून लिहिते तेव्हा शेवटी 'मॅम'. 'युनिट दोनचं लेक्चर अजून आलं नाही मॅम.' तिसरा आठवडा. 'फोनचा हॉटस्पॉट खिडकीत ठेव' असं कळवलं.

५ फेब्रु., बुध.
रेश्माला अंतर्गत परीक्षेत वीसपैकी चार. विषयाच्या सरांनी स्टाफरूममध्ये बोलावून विचारलं, 'व्हिडिओ बघत नाही का?' ती म्हणाली, 'नाय आले.' मग लगेच सुधारून, 'नाही आले, सर.' मी दोन टेबलं पलीकडे पेपर तपासत होते. मान वर केली नाही.

ॲडमिशन घ्यायला मीच लावली तिला. लग्न मोडून कोनला माहेरी परत आली, दोन वर्षं घरात बसून होती. सासूबाईंना, आईंना मी शब्द दिलेला, माझ्याच कॉलेजात आहे, माझं लक्ष राहील.

जाताना दारात हळूच म्हणाली, 'वयनी, मना जमत नसंल तर सोडून देऊ का?'

'उद्या घरी येते,' एवढंच बोलले.

६ फेब्रु., गुरु.
दुपारची दोन लेक्चरं दुसऱ्याला दिली आणि कोनला गेले. सासरच्या घराच्या मागे आता तिसरा टॉवर उभा राहतोय, क्रेनचा हात अंगणावरून फिरतो. आईंना वाटलं त्यांच्या लेकाचं, संतोषचं काही झालं, इतक्या दुपारी मी कशी.

रेश्मानं हॉटस्पॉट खरंच खिडकीत ठेवलेला, खाली लाकडी पाट. नेट मोजलं. फार वेगवान नाही, पण वाईटही नाही. फोनवर बाकीचे व्हिडिओ सरळ चालत होते. मग आमचा प्रोग्रॅम उघडला. बावीस कॉम्प्युटर तिला दिसत होते. एकही काही देत नव्हता. प्रत्येकापुढे एकच शब्द, 'थांबा'. चाळीस मिनिटं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. एक तुकडा नाही आला.

रेश्मा म्हणाली, 'पयला उतरायचा गो वयनी. हलू हलू, पन उतरायचा. तुमी नवीन टाकला तवापास्ना नाय.'

'हे मला आधी का नाही सांगितलंस?'

'सांगितला. दिवाळीत. तुमी बोललात नेटवर्क.'

आईंनी विचारलं, काय निघालं? मी पुन्हा 'नेटवर्क' म्हणाले. तोंडातून गेलंच.

७ फेब्रु., शुक्र.
सकाळी साडेसातला लॅबमध्ये. कुणी यायच्या आत गेल्या सत्रातल्या चाचणीच्या मूळ नोंदी उघडल्या. ग्राफ नव्हे, नोंदी. ग्राफ मी शंभरदा पाहिलाय, नोंदी एकदाही सगळ्या नाही.

जुना प्रोग्रॅम: चौतीसच्या चौतीस पूर्ण. नवा, म्हणजे माझा: एकोणतीस पूर्ण. पाच अपूर्ण. तीन दिवस चालू ठेवूनही अपूर्ण. पाचांत एक कोन.

मग सरासरी काढणारी स्क्रिप्ट पाहिली. अमोलची. त्यात सरळ लिहिलंय, अपूर्ण असेल तर गाळा. म्हणजे जे उतरलं त्यांचाच वेळ मोजला. निम्मा वेळ त्यांचा. ज्यांचं उतरलंच नाही ते हिशोबातच नाहीत.

नऊचं लेक्चर घेतलं. काय शिकवलं आठवत नाही.

८ फेब्रु., शनि.
अमोलला गेटबाहेर चहाला नेलं. सांगितलं. तो जराही चकित झाला नाही, तेच जास्त लागलं.

'मॅडम, जे संपलंच नाही त्याचा वेळ किती धरणार? आकडाच नाही तर सरासरीत घालणार काय?'

'मग तसं लिहायचं. पाच जणांचं उतरलं नाही म्हणून.'

'लिहिलं असतं तर पेपर घेतला असता त्यांनी?'

'तू मला सांगितलं का नाहीस?'

त्यानं ग्लास खाली ठेवला. 'तुम्ही विचारलं नाहीत. ग्राफ बघून तुम्ही इतक्या खूश होतात.'

खरं आहे. त्या दिवशी मी त्याच ग्राफचा फोटो आईबाबांना साताऱ्याला पाठवला होता. त्यांना त्यातलं काय कळणार, तरी.

निघताना म्हणाला, '२५ पर्यंत थांबा. मग काय करायचं ते करा.' पण १७ आधी येते.

९ फेब्रु., रवि.
संतोषला सांगायचं नव्हतं. भाजी चिरताना सुरी थांबली म्हणून त्यानंच विचारलं. सगळं सांगितलं. तो कंटेनर यार्डात काम करतो, हिशोब त्याला माझ्याआधी कळला.

'म्हणजे जे डबे पोचले नाहीत ते सोडून तुम्ही म्हणालात, आमचे डबे लवकर पोचतात.'

'हो.'

'आणि त्यात रेश्मा हाय.' घरचं काही असलं की त्याच्या बोलण्यात कोन येतंच. मग, 'तुझ्या डॉक्टरेटचं काय होईल?'

माहीत नाही म्हणाले. त्यानं सुरी घेतली आणि उरलेली भाजी चिरली.

१० फेब्रु., सोम.
सरांच्या केबिनमध्ये पाऊण तास. नोंदी पुढे ठेवल्या. त्यांनी दोनदा वाचल्या, चष्मा काढला.

'जुन्यावर सगळे चौतीस?'

'हो सर.'

मग एकेक सांगायला लागले. मे महिन्यात ते निवृत्त. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. पेपर मागे घेतला तर प्रबंधाचं चौथं प्रकरण उडतं, नवा गाईड, नवी समिती, दोन वर्षं तरी. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

'तळटीप टाक. काही जोडण्या वगळल्या आहेत, म्हणून.'

'सर, माझी नणंद आहे त्यात.'

'म्हणून तुला एवढं लागलंय?'

'नसती तर कळलंच नसतं.'

मी उठले तेव्हा म्हणाले, 'वृषाली, आता जास्त खोदू नकोस.'

११ फेब्रु., मंगळ.
खोदलं. उरलेल्या चौघांना मधल्या सुट्टीत फोन केले.

दोघं म्हणाले, आमचं नेट खराब आहे मॅडम, सॉरी. मीच त्यांना तसं सांगितलेलं, तेच मला परत ऐकवलं. सना, जुन्या पनवेलमध्ये राहते, ती म्हणाली, 'मी दर शनिवारी खारघरला मैत्रिणीकडे जाते, पेन ड्राइव्हवर आणते. अल्लाकसम, मला वाटलं सगळे तसंच करतात.' वर मलाच विचारलं, चालतं ना मॅडम तसं केलेलं?

चौथ्यानं डिसेंबरात कॉलेज सोडलं. कारण हेच असेल असं नाही, घरची शंभर कारणं असतात. का सोडलंस, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१२ फेब्रु., बुध.
मुळात चूक माझी. अमोलनं गाळलं, पण ते न उतरणं मी घडवलं.

प्रत्येक कॉम्प्युटर एका वेळी पाच जणांना तुकडे देतो. चार जागा त्यांना, जे आपल्याला भरपूर परत देतात. पाचवी जागा जुन्या प्रोग्रॅममध्ये आंधळी होती. कुणालाही, अर्धा मिनिट, चिठ्ठी टाकल्यासारखी. मी ती काढली आणि तीही जास्त देणाऱ्याला दिली. पेपरमध्ये माझेच शब्द आहेत: 'वाया जाणारी जागा'. ह्याच वाक्यावर सरांनी पाठ थोपटली होती.

रेश्माच्या फोनवरून वर जाणारा वेग नगण्य. ती कुणाला फारसं देऊ शकत नाही, म्हणून कुणाच्याच पहिल्या चारांत येत नाही. पाचवी जागा एकच दार होतं. ते मी...

आज पाचवी जागा परत घातली. पण आंधळी नाही. जो सगळ्यात जास्त वेळ 'थांबा'वर आहे त्याला द्यायची. एकदा तुकडे मिळाले की तोही दुसऱ्याला द्यायला लागेल. लागायला हवा.

१३ फेब्रु., गुरु.
लॅबमधल्या सहा मशीनवर चालवून पाहिलं. दोनदा कोसळलं. सगळेच एकदम 'मी जास्त थांबलोय' म्हणायला लागले आणि जागा सारखी बदलत राहिली, कुणालाच धड तुकडा नाही. दुपारी किमान वेळ बांधून दिला, एकदा जागा मिळाली की तुकडा पुरा होईपर्यंत हलवायचं नाही. मग चाललं. सहाही पूर्ण.

सहा मशीन एका खोलीत. त्याला काय अर्थ. रविवारी घरोघरी चाचणी घ्यायची. जुन्या चौतीसपैकी जे आहेत त्यांना मेसेज टाकला. अमोलनं मेसेज वाचला. उत्तर नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
मूळ नोंदींचा फोल्डर उघडत नाही. 'तुम्हाला परवानगी नाही.' फोल्डर अमोलच्या खात्यावर आहे. त्याला पाच फोन. उचलत नाही. आज रजेवर.

माझ्याकडे प्रत नाही. सोमवारी सरांना दाखवली ती दोन पानांची छापील, तीही त्यांच्याकडे राहिली. नोंदी नसल्या तर माझ्याकडे फक्त माझं बोलणं उरतं. कोण मानेल? ज्या बाईनं स्वतःच ग्राफ छापला तीच म्हणतेय ग्राफ खोटा.

लॅबमधल्या मशीनवर शोधलं, रिसायकल बिनसुद्धा. काही नाही. सरांकडे ती पानं मागायला गेले, ते मीटिंगला मुंबईला.

घरी येताना चुकून आमच्या खांदा कॉलनीच्या पुढच्या स्टॉपवर उतरले.

१५ फेब्रु., शनि.
अकराच्या सुमारास बेल. अमोल. बूट न काढता दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. सं.नं चहा ठेवला आणि आतच थांबला.

'फोल्डर मी बंद केला होता. पुसलं काहीच नाहीये, मॅडम.'

मी समोर बसले.

'पुसायला बसलो होतो. दोन तास.' मग म्हणाला, 'बायकोला मी सांगून टाकलंय, कायम झालो म्हणून. पेपर स्वीकारला त्याच दिवशी. तिनं तिच्या माहेरी सांगितलं. तिच्या भावानं घरी येऊन माझा सत्कार केला, शाल-श्रीफळ.'

हसलो दोघंही, कसंतरीच.

माझ्यासमोर फोनवरून परवानगी परत दिली. मी लगेच प्रत काढून घेतली, त्याच्या देखतच. त्याला ते लागलं असणार, पण मी थांबले नाही.

'सोमवारी माझं नाव ठेवणार की काढणार?'

'तू सांग.'

'अजून ठरत नाही.' चहा अर्धा टाकून गेला.

१६ फेब्रु., रवि.
चाचणी. चौतीसपैकी एकतीस आले. दहाला सुरू. मी कोनला जाऊन बसले, रेश्माशेजारी. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

१०.२० पर्यंत शून्य. आईंनी घावण वाढले, हात लावला नाही.
१०.३४ पहिला तुकडा. रेश्मा ओरडली, 'आला आला!' क्रेनवाला वर थांबून बघायला लागला असं आई म्हणाल्या.
१२ पर्यंत चौथा हिस्सा. तिच्याकडूनही तुकडे जाऊ लागले. सनाला गेले, बघितलं.
१.१५ सनाची लाइट गेली. म्हणजे एक कमी? आठ मिनिटांनी परत आली, जिथं थांबली तिथून पुढे.
२.४० रेश्माचं अडकलं. शेवटचे काही तुकडे कुणाकडेच मोकळे नाहीत. मी नखं खाल्ली. वीस मिनिटं तसंच. हात प्रोग्रॅमला लावायचा नाही असं ठरवलेलं, लावला नाही.
३.२६ पूर्ण.

एकतीसच्या एकतीस पूर्ण. सगळ्यांना धरून सरासरी काढली. जुन्यापेक्षा बरी आहे. पण निम्मी कुठली, पाचव्या हिश्शाइतका वेळ वाचला असेल. आणि जे सगळ्यात वेगवान होते त्यांना माझ्या आधीच्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त वेळ लागला.

तेव्हा रेश्माला सांगितलं. पेपर, गाळलेले पाच, सगळं. ती लेक्चरचा व्हिडिओ उघडून बसली होती, तो थांबवला.

'म्हंजे मना मोजलाच नाय?'

'नाही.'

'आनि मी इतं रोज बघतंय, आज येल, उद्या येल.' रडली नाही. उठून आत गेली, भांडी घासायचा आवाज येत राहिला. निघताना आईंनीच निरोप दिला, ती बाहेर आली नाही.

१७ फेब्रु., सोम.
नवी प्रत तयार करून साडेअकराला सरांना आणि अमोलला पाठवली. जुना ग्राफ शेजारी ठेवला, तो का चुकीचा ते लिहिलं, पाचवी जागा मी काढली होती हेही. बरोबर परिषदेच्या समितीला पत्र: निकाल बदललाय, पुन्हा तपासा.

तीन नावं आहेत, तिघांच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही.

१२.१०. अमोल: 'वाचतोय.'
२. काही नाही.
३.३०. सरांच्या केबिनला गेले. दार बंद, आत माणसं.
४.१५. अमोल: 'स्क्रिप्टची चूक लिहिलीय तिथं माझं नाव का नाही? तुम्ही "आमच्याकडून" लिहिलंय.' मी लिहिलं, आमच्याकडूनच झाली. तो: 'ठीक. पाठवा.'
४.४०. सर अजून आत. दारावर टकटक केलं. बाहेर आले, पाहुण्यांसमोरच म्हणाले, 'वाचलं मी. व्याकरणाच्या दोन चुका आहेत.'

'सर, पाठवू?'

'मी नको म्हटलं तर?'

'तर नुसतं पत्र पाठवीन. माझ्या एकटीच्या नावानं.'

'दुसऱ्या पानावर आहेत चुका,' म्हणाले आणि आत गेले.

हे हो आहे की नाही? दुसरं पान दुरुस्त केलं. ४.५४ ला पाठवलं. गेलं का ते दोनदा तपासलं.

१९ फेब्रु., बुध.
रेश्मा दोन दिवस कॉलेजात नव्हती. आज आली. पुनर्परीक्षा मिळावी म्हणून मी विषयाच्या सरांना लेखी दिलं, पाचांपैकी जे चौघं उरलेत त्या सगळ्यांसाठी. कारणात लिहिलं: माझ्या प्रोग्रॅममधील दोष. त्यांनी वाचून वर पाहिलं, 'असं कुणी लिहून देतं का मॅडम?'

कॉरिडॉरमध्ये रेश्मा समोरून आली. वयनी नाही, मॅम नाही. नुसती मान हलवली. सनाच्या वहीतून काहीतरी उतरवून घेत होती.

इनामदार सर तीन दिवस माझ्याशी फक्त वेळापत्रकाचं बोलतायत.

२१ फेब्रु., शुक्र.
समितीचं उत्तर. चार ओळी. निकालात मोठा बदल असल्यानं पेपर पुन्हा परीक्षकांकडे जाईल, आधीची स्वीकृती स्थगित. घेतील किंवा घेणार नाहीत. कधी कळेल ते लिहिलेलं नाही.

अमोलला पुढे पाठवलं. त्यानं विचारलं, 'मंगळवारी मुलाखतीत पेपरचं विचारलं तर काय सांगू?'

बराच वेळ टाइप करत होते आणि पुसत होते. शेवटी 'स्थगित आहे' एवढंच पाठवलं. माझी नोकरी कायम आहे. मला असं सांगणं सोपं.

२४ फेब्रु., सोम.
पुनर्परीक्षा मंजूर, गुरुवारी. चौघांनाही. रेश्मानं आज व्हिडिओतलं एक अडलेलं विचारलं, उभ्या उभ्याच, पाच मिनिटं. समजलं तेव्हा 'हां' म्हणाली, अगदी सं. म्हणतो तसं. बाकी काही बोलली नाही.

दुपारी सरांची चिठ्ठी शिपायाबरोबर: उद्या सकाळी दहाला दोघांनी केबिनमध्ये या. कशासाठी ते नाही. अमोलची मुलाखत बाराला, पॅनेलवर सर आहेत. प्रबंधाबद्दल असेल. किंवा पेपरमधून नाव काढा म्हणतील. किंवा अमोलला वाचवायचं असेल, माझ्यावर ढकलून. सं. म्हणाला, कदाचित नुसतं बोलायचं असेल. तो नेहमी असंच म्हणतो.

संध्याकाळी सहाला अमोलचा मेसेज: 'मी येतोय. मूळ नोंदींची छापील प्रत आणा. पूर्ण. पाचही नावं असू देत.'

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. बावीस पानं. पाचही नावं तपासली. प्रत्येकापुढे 'अपूर्ण'. रेश्माच्या ओळीवर शाई जरा फिकी आली होती. ते पान परत छापून घेतलं.